हाड बसवलं, पण ते मोडलं कशानं?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

गेल्या अंकात मी गुडघेदुखीवर लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली, ती निम्म्याहून जास्त मोडलेल्या हाडांची निघाली. कुणाचा खुबा, कुणाचं मनगट, कुणाचा मणका. सगळ्या पत्रांत एक गोष्ट सारखी होती. हाड मोडलं, ऑपरेशन झालं, सळई बसली, घरातला पैसा गेला. पण साध्या पडण्यानं हाड मोडलंच कसं, हे घरच्यांना कुणी सांगितलं नाही. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो. कारण त्यावर औषध आहे, चांगलं आहे, आणि ते वेळेवर मिळालं तर दुसरं हाड वाचू शकतं. म्हणून या वेळचं पान सगळं हाडांनाच दिलं आहे. पत्रं थोडी आवरून छापते, नावं वगळून.

एक सूनबाई, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

*माझ्या सासूबाई 69 वर्षांच्या आहेत. पोळ्याच्या आदल्या रात्री लघवीला उठल्या आणि अंगणातल्या ओल्यात घसरून पडल्या. डावा खुबा मोडला. शहरात नेऊन ऑपरेशन केलं, सळई टाकली. सुटी देताना कॅल्शियम, व्हिटॅमिन डीची पुडी, दुखण्याची आणि गॅसची गोळी लिहून दिली. आता दोन महिने झाले, वॉकर धरून चालतात. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, आठवड्यातून एकदा ॲलेंड्रोनेट नावाची गोळी घ्या, नाहीतर वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन घ्या. नणंदबाई म्हणतात, त्यानं जबडा सडतो. कॅल्शियम चालू आहेच, मग हे कशाला? आणि मशीनची तपासणी न करता औषध कसं सुरू करायचं?*

ताई, तालुक्याच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं आहे आणि वेळेत सांगितलं आहे. त्यांचं ऐका.

आधी मशीनचं. डेक्सा नावाच्या तपासणीत कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजतात. तरुण, निरोगी हाडाशी तुलना करून एक आकडा देतात, तो टी-स्कोअर. तो उणे 2.5 किंवा त्याखाली असला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाड विरळ होऊन ठिसूळ झालं. नागपूर-अमरावतीकडे ही तपासणी होते. जमली तर करा, कारण पुढे औषधाचा गुण किती आला हे ताडायला पहिला आकडा कामी येतो. पण तिच्यासाठी औषध अडवून धरू नका. उभ्या माणसाचा पाय घसरला, तो जमिनीवर आला आणि तेवढ्यानं खुबा मोडला, तर या वयात निदान तिथेच झालं. मोटरसायकलवरून पडणं, माळवदावरून पडणं ही गोष्ट वेगळी.

आता कॅल्शियम. पावसाआधी आपण घरावरचे कवेलू फेरतो. फुटके काढतो, नवे बसवतो. हाडात हेच काम जन्मभर चालू असतं. काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं भरतात. तिशीपर्यंत भरणारं पारडं जड असतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक आटतं, खाणाऱ्या पेशींना आवर राहत नाही, आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाईचं हाड सगळ्यात झपाट्यानं झिजतं. कॅल्शियम हा भरायचा माल आहे. तो हवाच, पण खाणाऱ्या पेशींना तो थांबवत नाही. त्यांना थांबवतात ती ॲलेंड्रोनेट, रिसेड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड ही औषधं. ही सगळी एकाच जातीची, बिस्फॉस्फोनेट म्हणतात त्यांना.

हे मी मनचं सांगत नाही. 2007 साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुमच्या सासूबाईंसारखाच खुबा मोडून ऑपरेशन झालेली दोन हजारांवर माणसं तीत होती. व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम दोन्ही गटांना दिलं. एका गटाला त्याशिवाय वर्षातून एकदा 5 मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक ॲसिड शिरेतून दिलं, दुसऱ्याला औषध नसलेलं सलाईन. साधारण दोन वर्षांत नुसत्या कॅल्शियमवाल्या गटात शंभरातल्या चौदा जणांचं पुन्हा काहीतरी मोडलं, औषधवाल्या गटात नऊ जणांचं. दगावले ते अनुक्रमे तेरा आणि दहा. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं पुढचं वर्ष किती अवघड जातं हे आपल्या प्रत्येक गावानं पाहिलं आहे. त्यात शंभरामागे तीन-चार जीव वाचत असतील, तर ते औषध न सांगता सळई टाकून घरी पाठवणं मला पटत नाही.

जबड्याची भीती कुठून आली तेही सांगते. कर्करोग हाडात पसरला की हेच झोलेड्रॉनिक ॲसिड महिन्या-महिन्याला देतात. वर्षाकाठी अंगात जाणारं औषध तिथे कितीतरी पट होतं, आणि जबड्याचं हाड उघडं पडण्याचे बहुतेक प्रकार त्या रोग्यांत दिसले. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलेल्या मात्रेत हे वर्षाला दहा हजारांत एखाद्याला होतं, किंवा त्याहून कमी. तरीही एक करा. सासूबाईंचे दात आधी दाखवून घ्या. किडका, हलता दात काढायचा असेल तर तो काढून, हिरडी भरून आल्यावर औषध घ्या. तंबाखू, नस लावायची सवय असेल तर ती सुटली पाहिजे.

गोळी की इंजेक्शन? तुमच्या सासूबाईंसाठी मी इंजेक्शनकडे झुकते. त्यांना आधीच पित्ताचा त्रास दिसतो, आणि या गोळीचे नियम कडक आहेत. सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळायची. त्यानंतर अर्धा तास चहा नाही, दूध नाही, दुसरी कुठली गोळी नाही, आणि आडवं व्हायचं नाही. आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण करते. चहाबरोबर घेतली तर ती अंगीच लागत नाही, सगळी वाया. ज्यांना गोळीच घ्यायची आहे त्यांनी आठवडी बाजाराचा दिवस धरावा, म्हणजे विसर पडत नाही. नीट घेतली तर हीसुद्धा उत्तम गोळी आहे. ती 1995 पासून वापरात आहे, स्वस्तही आहे. जनऔषधी केंद्रात विचारून पाहा.

इंजेक्शनआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं. त्यावरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढतात, ती 35 च्या खाली असेल तर हे इंजेक्शन देत नाहीत. व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम आधी भरून घ्यायचं, नाहीतर इंजेक्शननंतर रक्तातलं कॅल्शियम उतरून हातपाय वळतात. त्या दिवशी दोन-तीन पेले पाणी जास्त पाजा. सलाईन पंधरा मिनिटांहून घाईनं सोडायचं नाही. आणि पहिल्या इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस ताप येतो, अंग ठणकतं. घाबरू नका, पॅरासिटामॉल द्या. पुढच्या वर्षी हा त्रास बहुधा होत नाही. हे आधी सांगितलेलं नसलं की घरचे म्हणतात, "इंजेक्शन बाधलं", आणि दुसऱ्या वर्षी पेशंट येतच नाही.

हे औषध जन्मभराचं नाही. इंजेक्शन तीन वर्षं, गोळी पाच वर्षं, मग थांबून फेरविचार. खुबा मोडलेल्यांना कधी त्याहून जास्त लागतं. फार वर्षं घेतलं तर क्वचित मांडीच्या हाडाला आडवी चीर पडते. म्हणून पुढे कधी विनाकारण मांडी किंवा जांघ दुखायला लागली तर लगेच एक्स-रे काढा.

आणखी दोन गोष्टी, ज्यांना पैसा लागत नाही. गॅसची गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवू नका. वर्षानुवर्षं घेतली तर हाड मोडण्याचा धोका वाढलेला दिसतो. डॉक्टरांना विचारून बंद करा. दुसरं म्हणजे रात्रीचं उठणं. खाटेजवळ लघवीचं भांडं किंवा कमोडची खुर्ची ठेवा, रात्रभर एक बल्ब राहू द्या, ओल्या सारवणावरून त्यांना एकट्या जाऊ देऊ नका. मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. आणि जेवणात वरण घट्ट द्या, चालत असेल तर रोज एक अंडं. बाई पडली की आपल्याकडे तिला पेज आणि बिस्किटांवर ठेवतात. त्यानं मांस झडतं, पायातलं बळ जातं आणि ती पुन्हा पडते.

एक शेतकरी, वय 71, अंजनगाव सुर्जी तालुका, जि. अमरावती

*डॉक्टरीणबाई, मोबाईलवर आलं होतं का गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यात खाल्ला तं हाडं लोखंडावानी होतात. माह्या खर्ऱ्यात तं चुना असतेच. मंग मले कॅल्शियम कमी पडाचं काही कारण नाही, असं मी घरी सांगतो, तं नातू हासते. दिवाळीत सोयाबीनचं पोतं उचललं तवापासून पाठीत कळ लागून राह्यली. पायजमाही लांब होऊन राह्यला, पायात येते. चुना वाढवू का?*

काकाजी, चुना राहू द्या बाजूला. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मला पायजमा वाटला. पायजमा लांब होत नाही, माणूस बुटका होतो. पोतं उचलताना पाठीत कळ आली आणि नंतर उंची कमी झाली, याचा अर्थ एखादा मणका दबला असण्याची दाट शक्यता आहे. असा मणका दबणं म्हणजे मोडणंच. त्यासाठी पडावं लागत नाही. वाकून ओझं उचललं, जोरात खोकला आला तरी ठिसूळ मणका दबतो.

पाठीचा एक्स-रे काढा, आणि तो बाजूनं काढायला सांगा. समोरून काढलेल्यात दबलेला मणका निसटतो. हे काम या आठवड्यातलं आहे. तोवर ओझं उचलणं बंद, वाकून सरकी-पेंड भरणं बंद. पण खाटेवर पडूनही राहू नका, थोडंथोडं चालत राहा. पायाला मुंग्या आल्या, पाय लुळे पडले, लघवी-संडासवरचा ताबा गेला तर मात्र त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं.

लोकांना वाटतं हा बायकांचा आजार. पुरुषांना तो उशिरा होतो, पण होतो, आणि पुरुषात तो सापडला की त्यामागे दुसरं काही आहे का हे शोधावंच लागतं. रोजची दारू, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी घेतलेली स्टेरॉइडं, थायरॉइडचं दुखणं, पुरुषी संप्रेरकाची कमतरता. तुमच्या वयात मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोगही मणका पोखरून असाच समोर येतो. आणि आपल्या भागात मणक्याचा टीबी कधीच विसरायचा नाही: संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री वाढणारी पाठदुखी. म्हणून रक्ताच्या काही तपासण्या सांगतील त्या करा. हे सगळं बघून झालं आणि निदान ठिसूळपणाचंच निघालं, की वर सूनबाईंना सांगितलेलीच औषधं पुरुषांनाही चालतात. मणके बरेच दबलेले असले तर टेरिपॅराटाइड नावाचं रोज पोटावर टोचायचं इंजेक्शन आहे. ते खाणाऱ्या पेशी थांबवत नाही, नवं हाड भरतं. महाग आहे, जास्तीत जास्त दोन वर्षं देतात, आणि ते संपलं की मागून बिस्फॉस्फोनेट घ्यावंच लागतं, नाहीतर कमावलेलं हाड पुन्हा जातं.

राहिला चुना. चुन्यात कॅल्शियम आहे, हे खरं. पण गव्हाच्या दाण्याएवढ्या ओल्या चुन्यात ते फार तर वीस-पंचवीस मिलिग्रॅम. तुमच्या वयाच्या माणसाला दिवसाला 1200 मिलिग्रॅम लागतं. एक मोठा पेला दूध किंवा तेवढंच दही खाल्लं तर त्यात 300 च्या आसपास मिळतं, आणि ते तोंड भाजत नाही. पानठेल्यावरचा चुना खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. वाढवाल तर तोंडाची आणि अन्ननलिकेची साल निघेल.

आणि खर्ऱ्यात चुना तुमच्या हाडांसाठी टाकत नाहीत, काकाजी. चुन्यानं तंबाखूतलं निकोटीन लवकर सुटतं आणि गालातून झटक्यात रक्तात जातं, त्यासाठी टाकतात. तंबाखू स्वतः हाड पातळ करते. सुपारीनं गाल आतून आखडतो, तोंड उघडेनासं होतं, मग भाकर चावत नाही, आणि जेवणच गेलं की हाडाला काय मिळणार? तोंडाचा कर्करोग तर तुम्ही गावात पाहिलाच असेल. मी रोज जी तोंडं तपासते त्यांत पंचविशीतली पोरंही असतात. नातवाच्या देखत खर्रा सोडा. त्याच्या हातात तो कधी येणार नाही, असं करणं तुमच्याच हातात आहे.

एक वाचक भगिनी, वय 44, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

*तेहतिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. अंगावरून पांढरं जायचं म्हणून डॉक्टरांनी पुढे कॅन्सर होईल असं सांगितलं होतं. गावात हाडांचं मोफत शिबिर झालं. टाच एका मशीनमध्ये ठेवायला लावली आणि उणे 2.7 असा कागद दिला. तिथेच तीन महिन्यांच्या गोळ्यांचं पाकीट घ्यायला लावलं, बरेच पैसे गेले. आता आठवड्याची ती गोळीही सुरू करा म्हणतात. करू का?*

ताई, अजून नको.

टाचेचं मशीन आवाजाच्या लहरींवर चालतं. कुणाला पुढच्या तपासणीची गरज आहे हे चाळून काढायला ते ठीक आहे. पण उणे 2.5 ची जी रेघ आहे ती डेक्साची, खुब्याच्या आणि मणक्याच्या हाडासाठी ठरवलेली. टाचेवरच्या आकड्याला ती लावून निदान करता येत नाही. त्या कागदावरून औषध सुरू करणं चूक होईल.

तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. पिशवी काढताना अंडाशयंही काढली का? घरातली जुनी कागदपत्रं शोधा, सुटीचा कागद आणि तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट. त्यात दोन्ही अंडाशयं काढल्याचं लिहिलेलं असेल, तर इस्ट्रोजेन तेहतिसाव्या वर्षीच थांबलं. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 च्या सुमाराला जाते. म्हणजे तुमची हाडं तेरा-चौदा वर्षं आधीच विनापाखर झाली. कागद सापडला नाही तर सोनोग्राफी आणि एफएसएच ही रक्ततपासणी करून कळतं. अंडाशयं ठेवली असतील तरी अशा ऑपरेशननंतर ती थोडी लवकर थकतात, म्हणून तपासणी कराच.

अंडाशयं काढलेली निघाली तर तुम्ही डेक्सा करायलाच हवी, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांशी हार्मोनच्या गोळीबद्दल बोलायला हवं. या वयात, नैसर्गिक पाळी गेली असती त्या वयापर्यंत इस्ट्रोजेन परत देणं हा हाडं राखण्याचा सरळ मार्ग आहे. हृदयालाही त्याचा फायदा होतो. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेली असेल, यकृताचं दुखणं असेल तर तो चालत नाही. बाकीच्यांनी घाबरून टाळू नये. आठवड्याच्या गोळीचा विचार त्यानंतर.

पांढरं जातं म्हणून पिशवी काढण्याचे किती कागद माझ्यासमोर येतात आणि दर वेळी पोटात तुटतं. पांढऱ्या जाण्यावर गोळ्या आहेत. त्यासाठी तिशीतल्या बाईची पिशवी काढायची नसते. ज्या बहिणींना असं सांगितलं गेलं आहे, त्यांनी सरकारी रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नये.

विकत घेतलेल्या गोळ्या फेकू नका, पाकिटावर काय लिहिलं ते वाचा. कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम असं असेल तर त्यात खरं कॅल्शियम 500 असतं. ती गोळी जेवणाबरोबर घ्यायची. थायरॉइडची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास जाऊ द्यायचे, लोहाची गोळी तिच्याबरोबर घ्यायची नाही. बाकीचं ताटातून येऊ शकतं: दूध, दही, ताक, तिळाची आणि जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, शेवग्याचा पाला. शेवगा आपल्याकडे प्रत्येक बांधावर उभा आहे आणि त्याचा पाला आपण शेळ्यांना घालतो. तो डाळीत टाका. ज्वारीची भाकर चांगली, पण तिच्यात कॅल्शियम फारसं नाही, हेही लक्षात असू द्या.

उन्हाचं म्हणाल, तर शेतात राबणारी बाई उन्हात असते म्हणून तिला व्हिटॅमिन डी मिळतंच असं नाही. कापूस वेचताना आपण लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, तोंडाला दुपट्टा बांधतो. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते त्या वेळचं ऊन कामाचं. हिवाळ्यात दुपारी पंधरा-वीस मिनिटं हात-पाय उघडे ठेवून बसा. वैशाखात मात्र दुपारचं धाडस कुणीही करू नये. 60,000 युनिटची पुडी डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितली असेल तर आठच आठवडे घ्या. बरं वाटतं म्हणून वर्षभर दर आठवड्याला घेणारे लोक मी पाहिले आहेत. रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंड बिघडतं.

एक मुलगा, हिंगणघाट, जि. वर्धा

*आईचं वय 74, किडनी थोडी कमजोर आहे. हाडांसाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू होतं. शेवटचं एप्रिलमध्ये घेतलं. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन आणि कापसाची गडबड, हातात पैसाही नव्हता, राहून गेलं. आता डिसेंबर उजाडला. आईला काही दुखत नाही. सोडून दिलं तर चालेल का?*

भाऊ, तुमच्या पत्रावर फोन नंबर होता म्हणून मी आधीच तुमच्याशी बोलले. इथे छापते आहे ते इतरांसाठी, कारण ही गोष्ट औषध लिहिताना बऱ्याचदा सांगायची राहते.

बिस्फॉस्फोनेट हाडात मुरतं. एखाद्या वर्षी उशीर झाला तरी त्याचा असर टिकतो. डेनोसुमॅब तसं नाही. 60 मिलिग्रॅमचं इंजेक्शन सहा महिनेच पुरतं आणि ते उतरलं की दाबून ठेवलेल्या खाणाऱ्या पेशी एकदम उसळतात. मिळवलेलं हाड वर्षभरात जातं, आणि काहींचे एकाच वेळी दोन-तीन मणके दबतात. सातव्या महिन्यापलीकडे उशीर होऊच द्यायचा नाही. दुखत नाही हे खरं. हाड झिजताना दुखत नाहीच, मोडल्यावर दुखतं.

त्यामुळे लगेच जायचं. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि व्हिटॅमिन डी तपासायचं, कमी असेल तर भरायचं आणि इंजेक्शन घ्यायचं. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत या इंजेक्शननंतर कॅल्शियम जोरात उतरू शकतं, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासायचं. ज्यांना हे इंजेक्शन कायमचं थांबवायचं आहे त्यांनी त्याच्या मागे बिस्फॉस्फोनेट घेतल्याशिवाय थांबवू नये. तुमच्या आईची किडनी त्याला परवानगी देते का, हे आधी बघावं लागेल. नसेल देत, तर हे चुकवता येणार नाही, असंच समजा. पैशाचा प्रश्न खरा आहे. आता भारतीय कंपन्यांचं डेनोसुमॅब मिळतं, ते मूळ कंपनीच्या औषधापेक्षा बरंच स्वस्त पडतं. डॉक्टरांना तेच लिहून मागा. शहरातून आणताना बर्फाच्या डब्यात आणा आणि घरी फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. आपल्या उन्हाळ्यात एसटीच्या प्रवासात पिशवीत ठेवलेलं इंजेक्शन टोचून काही उपयोग नाही.

एक शिक्षक, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

*आमच्या गावातल्या हातपंपाला लाल रंग मारला आहे, पण म्हातारी माणसं वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायली. माझी मावशी ताठ झाली आहे, मान वळत नाही. तिची डेक्सा चांगली आली, उलट जास्तच घन हाड असं सांगितलं. तरी तिचं हाड मोडलं. हे कसं?*

सर, फ्लोराइडचं पाणी. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या कितीतरी गावांचं हे दुखणं आहे. पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की ते हाडात साठतं. हाड दाट दिसतं, डेक्साचा आकडा फुगतो, पण बांधणी बिघडलेली असते आणि ते खडूसारखं तुटतं. स्नायुबंधांत चुना साचून पाठ-मान ताठ होते. अशा गावात डेक्सावर विसंबू नये. हाताचा आणि पाठीचा साधा एक्स-रे जास्त सांगतो.

यावर आठवड्याची गोळी हा उपाय नाही. पाणी बदलणं हा आहे. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटून ते उलट दाट होतं. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत गावातल्या प्रत्येक विहिरीचा नमुना द्या. पुष्कळदा उघड्या विहिरीत ते कमी आणि खोल बोअरमध्ये जास्त असतं. शाळेतल्या पोरांचे दात बघा. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर ग्रामसभेत उभं राहायला तेवढा पुरावा पुरे, आणि त्या पोरांची हाडं अजून वाचवता येतात. दूध-दही पोटात असेल तर फ्लोराइड कमी शोषलं जातं, म्हणून पोषण आहारात त्याचा आग्रह धरा.

एक मुलगी, मूल, जि. चंद्रपूर

*बाबा पाच वर्षांपासून दम्यासाठी एका माणसाकडून काळी पुडी घेतात. लगेच आराम पडतो. आता चेहरा सुजल्यासारखा गोल झाला आहे, हाताची कातडी पातळ झाली आहे आणि नुसतं टेकताना मनगट मोडलं. पुडी आजपासून बंद करू का?*

बंद करायची आहे, पण एकदम नाही. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं स्टेरॉइडची आहेत. अशा पुड्यांत ते मिसळलेलं सापडतं. पाच वर्षं बाहेरून मिळालं की शरीर आपलं स्वतःचं बनवणं सोडून देतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. आधी फिजिशियनकडे न्या. ते मोजक्या मात्रेत प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड देऊन ती हळूहळू उतरवतील आणि दम्यासाठी पंप सुरू करतील. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, हाडापर्यंत फार थोडं पोचतं. पंपाची सवय लागते ही समजूत सोडा. तीन महिन्यांहून जास्त काळ रोज 5 मिलिग्रॅम किंवा त्यावर स्टेरॉइड गेलेल्या प्रत्येकाच्या हाडांचा विचार करावा लागतो. तुमच्या बाबांचं तर मनगट मोडलेलं आहे, म्हणून बिस्फॉस्फोनेटबद्दल तुम्ही स्वतः विचारा. दम्याच्या गडबडीत ते मागे पडतं. साखर आणि रक्तदाबही तपासून घ्या. आणि उरलेल्या पुड्या घरी ठेवू नका, फेकूही नका. दवाखान्यात सोबत घेऊन जा, डॉक्टरांना दाखवा.